मायक्रॉन कुठे खर्चायचा?

प्रस्तावना

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी, यांपैकी कुठल्याही वसाहतीत पत्र्याचं काम करणाऱ्या शेडमध्ये फायबर लेझर कटिंग मशीन दिसलं तर आता कुणी थांबून बघत नाही. मशीनच्या कपाटात तयार झालेला सुमारे १.०७ मायक्रॉन तरंगलांबीचा लेझर काचेच्या बारीक तंतूतून कटिंग हेडपर्यंत येतो. तिथे तंतू संपतो. पुढे कोलिमेटरचं भिंग झोत समांतर करतं आणि दुसरं भिंग तो पत्र्यावर एकवटतं. ऑपरेटरला हा सगळा प्रवास दिसत नाही. त्याला माहीत असते ती प्रोटेक्शन ग्लास, जिच्यावर धुळीचा कण जळला की काच बदलावी लागते. आणि त्याला येते ती सेलोटेपची परीक्षा: नोझलवर टेप चिकटवायची, एक पल्स मारायचा आणि भोक मधोमध पडलं का ते पाहायचं. भोक एका बाजूला सरकलेलं असेल, तर पत्रा एका अंगानं स्वच्छ कापला जातो आणि दुसऱ्या अंगाला बर धरतो.

तंतूच्या टोकासमोर भिंग नेमकं बसवणं आणि धक्के, ऊन, थंडी, ओल यांत ते तिथेच टिकवणं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. भिंगाची वक्रता कशी काढायची, काचेला पॉलिश कसं द्यायचं, यावर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत. भिंग ज्या धातूत बसतं त्या धातूबद्दल मात्र पानं थोडी, आणि मराठीत तर जवळजवळ नाहीतच. प्रत्यक्षात फायबरच्या जोडणीत जेवढे बिघाड होतात, त्यांतले पुष्कळ काचेचे नसून काच धरणाऱ्या भागाचे असतात. बोअर तिरका, फेस वाकडा, गोंद एका बाजूला जाड, धातू आणि काच यांचं प्रसरण वेगळं. ही सगळी टर्नर, फिटर आणि टूलरूम यांच्या हातातली कामं आहेत. म्हणून हे पुस्तक त्यांच्यासाठी, आयटीआय आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ड्रॉइंग करणाऱ्या तरुण इंजिनिअरसाठी लिहिलं आहे. भौतिकशास्त्र लागेल तेवढं आहे. कॅलक्युलस जवळजवळ नाही.

आधी विषयाची मापं डोळ्यांसमोर आणू. दूरसंचारात वापरला जाणारा सिंगल-मोड फायबर बाहेरून १२५ मायक्रॉन जाडीचा असतो. प्रकाश वाहतो तो मधला गाभा जेमतेम ८-९ मायक्रॉनचा. प्रकाश गाभ्याच्या काठाबाहेरही किंचित पसरतो, त्यामुळे १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास १०.४ मायक्रॉनच्या आसपास धरतात. मशीनशॉपच्या भाषेत एक थाऊ म्हणजे २५.४ मायक्रॉन. म्हणजे हा अख्खा ठिपका अर्ध्या थाऊपेक्षाही लहान आहे, आणि एका तंतूतला ठिपका दुसऱ्या तंतूतल्या ठिपक्यावर बसवायचा आहे.

तंतू स्वतः अत्यंत काटकसरी आहे. १९५४ मध्ये नरिंदर सिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं, तेव्हा काचेत प्रकाश फार लवकर मरत असे. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि हॉकम यांनी मांडलं की हा दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे आणि ती काढता येईल. या कामासाठी काओंना २००९ चं नोबेल मिळालं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट असलेला तंतू ओढला. आज हीच घट किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास आहे, आणि असा तंतू महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरलाही तयार होतो.

या आकड्याचा अर्थ जोडणीच्या बाजूनं वाचला पाहिजे. कोल्हापूर ते पन्हाळा साधारण २० किलोमीटर. एवढ्या अंतराच्या तंतूत प्रकाश ४ डेसिबल घटतो, म्हणजे शंभरातले चाळीस भाग पलीकडे पोचतात. एका जोडणीत १ डेसिबल गेला, तर शंभरातले २१ भाग तिथेच गेले आणि ५ किलोमीटर तंतूची बचत धुऊन निघाली. काचेवर जगानं पन्नास वर्षं घेतलेली मेहनत एका ढिल्या सीटमध्ये वाया जाऊ शकते. तंतू सुधारण्याला आता फार वाव उरलेला नाही. जोडणीत तो अजून भरपूर आहे.

पंप आणि मोटर एका बेसवर चढवणाऱ्या माणसाला जोडणीचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. दोन शाफ्ट समांतर असूनही बाजूला सरकलेले असू शकतात, किंवा मध्यरेषा जुळूनही एकमेकांशी कोन करू शकतात. तो डायल लावून दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजतो, कारण दोन्हींचा इलाज वेगळा असतो. प्रकाशाच्या जोडणीतही मुख्य चुका याच दोन: सरकणं आणि कलणं. तिसरी चूक मधल्या अंतराची, पण ती बरीच सौम्य असते. फरक एवढाच की पंपात चूक थोडी झाली तर बेअरिंग काही महिने तक्रार करत चालतं. इथे घट लगेच मीटरवर दिसते आणि ती चुकीच्या वर्गानं वाढते. चूक दुप्पट झाली की डेसिबलमधली घट चौपट होते.

तंतूला तंतू थेट टेकवला, तर १ मायक्रॉन सरकण्याची किंमत सुमारे ०.१६ डेसिबल पडते. २ मायक्रॉनला ०.६४ आणि ५ मायक्रॉनला चार डेसिबल. कोनाच्या बाबतीत मात्र हीच जोडणी उदार आहे. एक-दोन मिलिरेडियनचा कल तिला जाणवतही नाही. म्हणून नेहमीच्या कनेक्टरमध्ये झिर्कोनिया सिरॅमिकचा अडीच किंवा सव्वा मिलिमीटर व्यासाचा फेरूल वापरतात, त्याचं भोक मायक्रॉनच्या आत मध्यावर ठेवतात आणि स्प्रिंगच्या जोरावर दोन टोकं एकमेकांवर दाबतात. वातानुकूलित एक्स्चेंजमध्ये ही व्यवस्था उत्तम चालते. पण १० मायक्रॉनचा एक धूलिकण तिच्या वाटेत आला, तर तो जवळजवळ सगळा ठिपका झाकतो, आणि दाबाखाली काचेत रुतून कायमचा ओरखडा करतो. फौंड्रीच्या वाळूची धूळ आणि गळीत हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांतून उडणारी काजळी ज्यांच्या रोजच्या हवेत आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको.

इथे भिंग कामाला येतं. तंतूच्या टोकासमोर २ मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग ठेवलं, तर १० मायक्रॉनचा ठिपका फुलून सुमारे ०.३८ मिलिमीटर व्यासाचा समांतर झोत होतो. समोर तसंच दुसरं भिंग तो झोत गोळा करून दुसऱ्या तंतूत घालतं. आता दोन अर्धुकं एकमेकांपासून २० मायक्रॉन सरकली, तरी घट ०.०५ डेसिबलच्या आतच राहते. १० मायक्रॉनचा कण वाटेत आला, तर अर्धा टक्काही प्रकाश अडत नाही. काचेला काच टेकत नाही, त्यामुळे घासण्याचा प्रश्नच मिटतो. लष्कराच्या मैदानी केबलमध्ये, खाणींत आणि बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांत अशी फुलवलेल्या झोताची जोडणी वापरतात ती याच कारणानं. चिखलात पडलेलं टोक पाण्यानं धुतलं, पुसलं आणि पुन्हा जोडलं, असं तिथे करता येतं.

लेझर कटिंगच्या केबललाही हीच युक्ती वेगळ्या कारणासाठी लागते. १०० मायक्रॉनच्या गाभ्यातून काही किलोवॉट शक्ती बाहेर पडताना काच आणि हवा यांच्या सीमेवर जरा धूळ असली, तर टोक जळून जाईल. म्हणून तंतूच्या टोकाला शुद्ध क्वार्ट्झचा ठोकळा वितळवून जोडतात. झोत त्या ठोकळ्याच्या आतच ३ मिलिमीटरपर्यंत फुलला, तर तेवढीच शक्ती ९०० पट क्षेत्रफळावर पसरून हवेत येते. झोत आधी फुलवावा आणि सीमा नंतर ओलांडावी, हे दोन्हीकडचं सूत्र आहे.

पण फुकट काही मिळत नाही. झोताची रुंदी आणि कोनाची सवलत यांचा गुणाकार निसर्गानं बांधून दिलेला आहे. एक वाढली की दुसरी तेवढ्याच पटीत घटते. आपल्या २ मिलिमीटरच्या भिंगाला १ मिलिरेडियन कलण्याची किंमत ०.६४ डेसिबल पडते. सरकण्याची सवलत आणखी वाढवण्याच्या मोहानं ५ मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग घेतलं, तर त्याच कलाला चार डेसिबल जातात. मोठा झोत म्हणजे मजबूत जोडणी, हा समज म्हणून अर्धवट आहे. नाभीय अंतर निवडताना डिझायनर खरं तर ठरवत असतो की आपल्या कारखान्याला कुठली चूक आवरता येते.

आणि आता हा १ मिलिरेडियन मशीनवर काय दिसतो ते पाहा. एक इंच व्यासाच्या फेसवर एक थाऊ रनआउट म्हणजे बरोबर एक मिलिरेडियन. हे माप कुठल्याही चांगल्या टर्नरच्या ओळखीचं आहे. बोअर आणि फेस एकाच सेटिंगमध्ये काढले, तर तो याच्या कितीतरी आत राहतो. काम चकमधून काढून उलटं धरलं आणि मग फेस घेतला, की हमी गेली. तंतूला तंतू भिडवताना अर्ध्या मायक्रॉनसाठी सिरॅमिकच्या महागड्या फेरूलकडे जावं लागत होतं. भिंग आल्यावर बाहेरच्या जोडणीचा प्रश्न काटकोनाचा झाला, आणि काटकोन हे लेथचं आणि ग्राइंडिंगचं जुनं काम आहे.

तरी मायक्रॉन नाहीसा झालेला नाही. तो घराच्या आत गेला आहे. त्याच २ मिलिमीटरच्या भिंगामागे तंतू १ मायक्रॉन सरकला, तर बाहेर पडणारा झोत अर्धा मिलिरेडियन कलतो आणि किंमत पुन्हा तीच, ०.१६ डेसिबल. म्हणजे तंतू आणि भिंग यांच्यातलं नातं पूर्वीइतकंच नाजूक राहतं. ते कारखान्यात एकदाच, प्रकाश चालू ठेवून, मीटरकडे बघत जुळवायचं आणि कायमचं बंद करायचं. जोडणारा माणूस गगनबावड्याच्या पावसात उभा असेल किंवा मध्यरात्री ब्रेकडाउनला आलेला असेल. त्याच्या हाती मायक्रॉन येताच कामा नये. पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाच्या तळाशी हाच प्रश्न आहे: हातात असलेली अचूकता मोजकी आणि महाग आहे, तर ती कुठे खर्चायची?

हा खर्च चुकीच्या जागी होताना वारंवार दिसतो. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला ५ मायक्रॉनची टॉलरन्स लिहिली, की डिझायनरला सुरक्षित वाटतं. नगाची किंमत तिपटीनं वाढते आणि ज्या एका मापाला खरोखर २ मायक्रॉन हवे होते, ते गर्दीत हरवतं. याच्या उलट अनुभव जॉबवर्क करणाऱ्यांचा. ड्रॉइंग बाहेरून येतं, आकडे पाळायचे असतात, आकडा तिथे का आहे ते कुणी सांगत नाही. कारण माहीत नसलं की कुठल्या मापात थोडी सूट मागता येईल आणि कुठल्या मापाशी खेळायचं नाही, हे कारागिराला कळत नाही. या पुस्तकात म्हणून प्रत्येक टॉलरन्सशेजारी तिचं कारण आणि ती चुकल्यास डेसिबलमध्ये बसणारा दंड दिला आहे.

भिंग धरण्याच्या पद्धतींवर सगळ्यात जास्त पानं खर्ची पडली आहेत, कारण तिथे शिकण्यासारखं फार आहे. गोल मण्यासारखं बॉल लेन्स पाहा. प्रतिमेच्या गुणवत्तेत ते इतर भिंगांपुढे मागे पडतं. पण त्याला वाकडं बसताच येत नाही. स्वतःच्या केंद्राभोवती कसंही फिरलं, तरी ते तेच भिंग राहतं. शंकूच्या आकाराच्या सीटमध्ये ते टेकलं, की त्याचं केंद्र शंकूच्या अक्षावरच येतं. म्हणजे सहा स्वातंत्र्यांपैकी तीन घूर्णनं निरुपद्रवी झाली आणि तीन सरकणी एकाच टर्निंगनं आवरली. मजबूत जोडण्यांत बॉल लेन्स लोकप्रिय आहे, त्याचं बरंचसं श्रेय या यांत्रिक गुणाला जातं. दंडगोलाकार ग्रिन भिंग किंवा अ‍ॅस्फेरिक भिंग प्रकाशाला जास्त चांगलं वागवतं, पण ते व्यासावर, फेसवर आणि कलावर, तिन्हीकडे लक्ष मागतं.

दुसरा जुना धडा आट्यांचा. आटे घट्ट करतात, केंद्रित करत नाहीत. आट्यांत खेळ ठेवावाच लागतो आणि तो खेळ कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येत नाही. पंपाच्या केसिंगवर बेअरिंग हाउसिंग बसवताना स्पिगॉट ठेवतात आणि बोल्टांना फक्त आवळण्याचं काम देतात, तेच इथेही करायचं. जागा दाखवणारा पृष्ठभाग वेगळा, जोर देणारा वेगळा. भिंगाच्या रिटेनिंग रिंगवर केंद्रीकरणाचा भार टाकलेली ड्रॉइंगं आजही निघतात. ती पहिल्या जुळणीत चालतात आणि दुसऱ्यांदा उघडल्यावर वेगळं माप दाखवतात.

मजबुती म्हटलं की आधी आपटण्याची भीती मनात येते. आकडेमोड वेगळं सांगते. ३ मिलिमीटरच्या काचेच्या बॉल लेन्सचं वजन सुमारे ३५ मिलिग्रॅम. गुरुत्वाच्या ५०० पट धक्का बसला, तरी त्यावर येणारा भार १८ ग्रॅम वजनापेक्षा कमीच. एवढ्यानं सीटही दबत नाही आणि भिंगही फुटत नाही. भिंगाचा खरा शत्रू त्याची स्वतःची सीट आहे आणि तिचं हत्यार तापमान. अ‍ॅल्युमिनियम अंशामागे दहा लाखांत २३ भागांनी वाढतं, नेहमीची बोरोसिलिकेट क्राउन काच, बीके ७, सातांनी. ६ मिलिमीटरचं भिंग अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरमध्ये उन्हाळ्याच्या ७० अंशांना अलगद बसवलं आणि तापमान उणे २० ला नेलं, तर बोअर भिंगापेक्षा जवळजवळ ९ मायक्रॉन जास्त आकसतो आणि काचेला चिमटा बसतो. याउलट थंडीत घट्ट बसवलेलं भिंग तापल्यावर तेवढंच मोकळं होऊन सरकतं. हीच सीट टायटॅनियमची असेल, तर फरक १ मायक्रॉनच्या आत येतो, कारण त्याचं प्रसरण साडेआठच्या आसपास, काचेच्या जवळ आहे. टायटॅनियम महाग आणि मशीनिंगला चिवट. म्हणून बऱ्याचदा मधला मार्ग निघतो: ४१६ जातीचं स्टेनलेस, ज्याचं प्रसरण दहाच्या घरात आहे. ३०४ स्टेनलेस बाजारात सहज मिळतं, पण त्याचा आकडा १७ आहे. हा फरक न पाहता नुसतं 'एसएस' एवढंच लिहून सोडलेलं मटेरियल पुढे महागात पडतं.

गोंदाचंही तसंच. अतिनील प्रकाशानं घट्ट होणारे गोंद घट्ट होताना साधारण एक ते तीन टक्के आकसतात. भिंगाभोवती गोंदाचा थर सगळीकडे सारखा असेल, तर ओढ चारी बाजूंनी सारखी पडते आणि भिंग जागेवर राहतं. एका बाजूला १०० मायक्रॉन आणि समोर २० असेल, तर दोन टक्के आकसण्यानं एका बाजूची ओढ २ मायक्रॉनची आणि दुसरीकडची अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. मीटर बघत तासभर केलेली जुळवणी गोंद वाळताना अशी हातची जाते. पुढे पावसाळ्यात गोंद ओल पितो, फुगतो आणि पुन्हा हलतो. गोंद हा भरावाचा पदार्थ म्हणून न बघता मशीनचा एक भाग म्हणून बघावा, त्याला जाडी आणि टॉलरन्स द्यावी, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

महाराष्ट्रातलंच एक मोठं उदाहरण विषयाची व्याप्ती दाखवतं. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एनसीआरएनं ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. प्रत्येक अँटेनाचा संदेश काचेच्या तंतूतून मध्यवर्ती इमारतीत येतो. अशा अ‍ॅनालॉग दुव्यात आणखी एक कठोर नियम लागू होतो: प्रकाशातली १ डेसिबल घट रेडिओ संदेशात २ डेसिबल होऊन उतरते, कारण शोधकातून निघणारा प्रवाह प्रकाशाच्या शक्तीच्या प्रमाणात असतो आणि विद्युतशक्ती त्या प्रवाहाच्या वर्गाच्या. आकाशातून आलेला संदेश आधीच अतिशय क्षीण. तिथे एकेका जोडणीचा हिशेब किती काटेकोर ठेवावा लागतो, ते यावरून कळेल.

लेझर डायोडमधून तंतूत प्रकाश घालणं हे याहून अवघड काम. डायोडच्या ठिपक्याची त्रिज्या साधारण १ मायक्रॉन, तंतूच्या ठिपक्याची ५. दोन्ही समोरासमोर अगदी अचूक ठेवले, तरी आकार न जुळल्यामुळे जेमतेम १५ टक्के प्रकाश आत शिरतो. मधलं भिंग तो आकार जुळवून देतं, पण बदल्यात डायोड आणि भिंग यांच्यात मायक्रॉनच्याही अंशाची अचूकता मागतं. या प्रकाराला शेवटची दोन प्रकरणं दिली आहेत.

हे सगळं कोल्हापुरात बसून लिहिण्याला कारण आहे. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर यांनी इथेच चलच्चित्रणाचा कॅमेरा घडवला. विष्णुपंत दामल्यांसारखा यंत्राची जाण असलेला सहकारी त्यांच्या बरोबर होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. सिनेकॅमेऱ्याचा यांत्रिक प्रश्न आपल्या प्रश्नाचा सख्खा नातेवाईक आहे. सेकंदाला अनेक वेळा फिल्म पुढे खेचायची, थांबवायची आणि प्रत्येक वेळी भिंगापासून तेवढ्याच अंतरावर सपाट धरायची. काचेसमोर धातूनं शिस्त पाळली, तरच चित्र ठसठशीत येतं. त्याच सुमारास आणि पुढे म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांच्या हातून इथला यंत्रोद्योग आकाराला आला. ऑइल इंजिनं, पंप, मग फौंड्री आणि वाहनांचे सुटे भाग, अशी ती वाट शिवाजी उद्यमनगरातून एमआयडीसीपर्यंत पोचली.

मात्र या वारशावर विसंबून हे नवं काम आपोआप येईल, असं मला वाटत नाही. कास्टिंगच्या धंद्यात मिलिमीटरच्या दशांशानं बोलायची सवय असते. भिंगाच्या सीटला दोन आकडे पुढे जावं लागतं. त्यासाठी नवं मशीन घेण्याआधी तीन सवयी लागतात. पहिली, मोजमापाची खोली २० अंशांवर ठेवणं. २० अंशांना बरोबर १० मिलिमीटर असलेला अ‍ॅल्युमिनियमचा भाग ३८ अंशांच्या दुपारी ४ मायक्रॉननं वाढलेला असतो, आणि आपली सगळी टॉलरन्स कदाचित तेवढीच असते. दुसरी, स्वच्छता: जुळणीची जागा ग्राइंडिंगपासून भिंतीनं वेगळी हवी. तिसरी सवय नोंदीची. कुठला नग कुठल्या सेटिंगमध्ये, कुठल्या गोंदानं, कोणत्या तापमानाला जुळवला, हे लिहिलेलं नसेल, तर सहा महिन्यांनी परत आलेल्या नगाकडून शिकता येत नाही. या तिन्ही सवयींना भांडवल कमी लागतं आणि शिस्त जास्त. हाताची कला इथे आहेच. ती मोजता येईल अशा रीतीनं मांडायची आहे.

चाचण्यांना पुस्तकाचा पाचवा भाग वाहिला आहे. उणे ४० ते अधिक ८५ अंशांची तापमान-चक्रं, ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत ठेवणं, कंपन, धक्का, केबल ओढणं आणि पुन्हा पुन्हा जोडणं-सोडणं, हा या क्षेत्रातला नेहमीचा छळ आहे. चाचणीतून नग पास झाला की नापास, एवढ्यावर वाचकानं थांबू नये. घट केव्हा वाढली ते पाहावं. थंडीत वाढून खोलीच्या तापमानाला परत आली, तर दोष प्रसरणाचा. चक्रागणिक थोडी थोडी वाढत गेली, तर गोंद किंवा आटे सरकत आहेत. ओलीत वाढून वाळवल्यावर उतरली, तर गोंद पाणी पितोय. धक्क्यासरशी एकदम वाढली आणि तिथेच राहिली, तर सीटवर पुरेसा जोर नव्हता. आलेख असा वाचता आला की तोच पुढच्या ड्रॉइंगची दुरुस्ती सुचवतो.

पुस्तक वाचण्याचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असू शकेल. मशीनवर काम करणाऱ्यांनी तिसऱ्या भागापासून, सीट, स्पिगॉट आणि एका सेटिंगच्या प्रकरणांपासून सुरुवात करावी आणि मग मागे येऊन प्रकाशाचं गणित वाचावं. विद्यार्थ्यांनी पहिल्या दोन भागांतली सगळी उदाहरणं कॅलक्युलेटर घेऊन स्वतः सोडवावीत. सूत्रं चारच आहेत, पण आकडे हातानं घातल्याशिवाय मिलिरेडियन अंगवळणी पडत नाही. डिझायनरांना एकच विनंती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'हिशेब' नावाचा तक्ता आहे. एकूण किती डेसिबल परवडतात, ते वर लिहायचं, मग सरकणं, कलणं, अंतर, तापमान, गोंद आणि काचेवरचं परावर्तन यांना त्यातला वाटा द्यायचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्के प्रकाश परत फिरतो, त्यामुळे परावर्तनरोधी लेप विसरलेला तक्ता पहिल्याच ओळीत तुटीत जातो.

तक्ता भरून झाला, की ड्रॉइंगवर जिथे जिथे अचूकता मागितली आहे तिथे बोट ठेवून विचारावं: हिची किंमत कोण देणार, टूलरूम एकदा, की जोडणारा माणूस प्रत्येक वेळी? उत्तर दुसरं आलं, तर भाग कितीही जाड धातूचा असला तरी तो मजबूत म्हणता येणार नाही. ते ड्रॉइंग शॉपमध्ये पाठवण्याआधी परत बोर्डावर घ्यावं.

कोल्हापूर
लेखक